कर्नलची ब्यूक

हेर्नोसांद, ६ एप्रिल १९८६

प्रिय सिक्स्टन,

बसला आहेस ना? नसशील तर बस. तोंडात घास असेल तर गिळून घे, नाहीतर ठसका लागून मरशील आणि तुझी बहीण मायकेन जन्मभर मला बोल लावेल.

कर्नल ब्रोमानची ब्यूक माझ्या गॅरेजमध्ये उभी आहे.

हो, तीच. एकोणपन्नासची रोडमास्टर, काळी, मडगार्डवर चार भोकंवाली. क्रामफोर्सला दातांच्या एका डॉक्टरची विधवा राहते, तिच्या कोठारात ताडपत्रीखाली झोपली होती. ‘तीच कशावरून?’ असं तू विचारणारच. ऊन तापलं की मागच्या सीटमधून अजून आंबवलेल्या हेरिंग माशांचा वास येतो! जगात अशी दुसरी ब्यूक असेल तर दाखव.

आपण दोघांनी तोफखान्यात काय पराक्रम केला, याचा एवढा एकच पुरावा शिल्लक होता. तो आता माझ्या ताब्यात आहे. तुझ्या नाही, माझ्या.

अक्षर मोठं आलंय. पेन सापडेना, म्हणून मायकेनच्या लायब्ररीतल्या पाट्या रंगवायच्या मार्करनं लिहितोय. शिवाय बातमीच मोठी आहे. आणखी एक, कागद कारखान्यातून मी लवकर सुट्टी घेतली, कायमची. आता दिवसभर मी आणि ती. तू बस चालव, बाबा. कुणीतरी चालवायलाच हवी.

तुझं ते शिवणयंत्र काय म्हणतंय? अजून धूर सोडतंय का?

तुझा मेहुणा,
आल्वार


सिमरिसहाम्न, १५ एप्रिल १९८६

प्रिय आल्वार,

अभिनंदन. हा एक शब्द कागदावर उतरवायला मला आठवडा लागलाय, तेव्हा जपून वापर.

तुझं पत्र मी डेपोत वाचलं. वाचून झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या ओवेनं विचारलं, “कोण गेलं रे?” मी म्हटलं, “मेहुणा.” बिचारा टोपी काढायला लागला. मी म्हटलं, “राहू दे, अजून गेलेला नाही. त्याला ब्यूक मिळालीय.”

मेल्या, ती गाडी मी शोधत होतो हे तुला ठाऊक होतं. दर नाताळात तुझ्याच टेबलाशी बसून मी सांगायचो, की सुंद्सवालला चौकशी केली, उमेओपर्यंत जाऊन आलो. तू मान डोलावून बटाटे पुढे करायचास. आणि क्रामफोर्स तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर! मला एक फोन करायला काय झालं होतं?

ती गाडी तुझ्यापेक्षा मला जास्त ओळखते. त्या प्रकरणानंतर कर्नलनं तुला कुदळ दिली आणि मला बादली. तू हेरिंग पुरत होतास तेव्हा मी तिच्या सीटा धुत होतो. तिच्या कातड्याची शिवण न् शिवण माझ्या बोटांना पाठ आहे. एकदा कर्नल जेवायला गेला असताना मी स्टीअरिंगमागे बसलो. किल्ली नव्हती, नुसता बसलो. एकवीस वर्षांचा होतो. त्यानंतर ज्या ज्या गाडीत बसलो, ती ती मला स्टुलासारखी वाटली.

आणि ‘आपण दोघांनी’ पराक्रम केला म्हणतोस? माझी बाजू पुन्हा एकदा लिहून देतो. मी तोफेपाशी फोन धरून, तू टेकडीवर दुर्बीण घेऊन. मी विचारलं, “लक्ष्याची होडी भरकटलीय, थांबू का?” यावर तू तुमच्या उत्तरेच्या रीतीनं तोंडानं हवा आत ओढलीस. तुमच्याकडे त्याला ‘हो’ म्हणतात. आमच्याकडे त्याला काहीच म्हणत नाहीत, आणि फोनवर तर तो आवाजच नव्हे! मी समजलो, लाइन तुटली. सार्जंट ओरडला, तोफ उडाली. सरावाचा गोळा, आत नुसतं सिमेंट, तो थेट किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या खोपटात. माणूस नव्हता ही देवाची कृपा. आंबवलेल्या हेरिंगची पिंपं होती. आणि खोपटाला टेकून, काचा खाली केलेली, कर्नलची ब्यूक होती.

बत्तीस वर्षं मी हेच सांगतोय. तू ‘हो’ म्हणालाच नाहीस.

माझ्या साब गाडीला शिवणयंत्र म्हणू नकोस. तिच्या धुराला तेलाचा वास येतो, माशाचा नाही.

सिक्स्टन


हेर्नोसांद, ४ मे १९८६

प्रिय सिक्स्टन,

तुझं पत्र मिळालं. फार दिवसांनी इतका जीव रमला.

आत ओढलेला ‘हो’ हाही ‘हो’च असतो. इथल्या चर्चमध्ये लग्नं तशीच लागतात. तुझ्या बहिणीनंही पाद्र्यासमोर तेच ऐकलं आणि तिला ते बरोब्बर कळलं, ती तुझ्याच गावची असून! म्हणजे दोष भाषेचा नव्हता, कानाचा होता.

आणि तुला बादली मिळाली म्हणून रडतोस? महिना उलटला तरी माझ्या अंगाचा वास जात नव्हता. ज्या मुलीबरोबर मी शनिवारी नाचायला जायचो ती दारातूनच परत गेली. तू मात्र रोज संध्याकाळी त्या गाडीतून उतरायचास, कर्नलचा जावई असल्यासारखा. तुझा तेव्हा इतका राग यायचा, की कुदळीनं हेरिंगऐवजी तुलाच पुरावंसं वाटायचं.

आता ऐक तिच्याबद्दल. आठ सिलिंडर एका रांगेत. सुरू केली की आधी काहीच ऐकू येत नाही, मग तळहाताला कळतं की ती जागी झालीय. दार बंद होतं ते आदळत नाही, पुटपुटतं. पुढची सीट दमलेल्या घोड्यासारखा उसासा सोडते. रविवारी चर्चला जाऊन आलो. मागे टेकून, काच खाली करून, लाटांचा आवाज ऐकत. राजा आहे मी, सिक्स्टन.

ऑगस्टमध्ये हेरिंगचे डबे उघडतात त्या आठवड्यात बंदरावर जुन्या गाड्यांचा मेळा आहे. मेळा भरवणाऱ्या मंडळाकडे सलामीची एक छोटी पितळी तोफ आहे, पण ती उडवणाऱ्या म्हाताऱ्यानं अंथरूण धरलंय. मी म्हणालो, माझा मेहुणा तोफची आहे. गोळा कुठे पडेल सांगता येत नाही, पण आवाज नक्की होतो.

ये. साब घेऊन ये. रस्त्यात ढकलायला माणसं मिळतील.

आल्वार


सिमरिसहाम्न, २४ जुलै १९८६

प्रिय आल्वार,

येतो. एक हजार किलोमीटर साबनं येतो, कुणीही न ढकलता.

एक मागणं आहे, आणि ते थट्टेत नाही. एकदा चालवायला दे. लांब नको, बंदराच्या टोकापर्यंत जाऊन परत. तेवढ्यावर मी पुन्हा त्या गाडीचं नाव काढणार नाही.

सिक्स्टन


सिमरिसहाम्न, २५ ऑगस्ट १९८६

आल्वार,

घरी पोचलो. वाटेत कुणी ढकललं नाही.

मी शांत झाल्यावर लिहिणार होतो, पण शांत होण्याचं काही लक्षण दिसत नाही, तेव्हा तसाच लिहितो.

मी आलो, तेव्हा तू धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होतास. मी समोर उभा राहिलो. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाहीस. माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत म्हणालास, “कोण?” मी म्हटलं, “राजेसाहेब, तुमचा तोफची.” मग हसलास, हात पुढे केलास, तोही दुसरीकडेच बघत. दोन दिवस असंच. मी बोलतोय आणि तू माझ्या कानाच्या बाजूला काहीतरी न्याहाळतोयस. एका ब्यूकनं माणूस इतका चढतो?

बरं, तेही गिळलं. शनिवारी दुपारी तुला म्हटलं, “किल्ली दे, टोकापर्यंत जाऊन येतो.” आजूबाजूला दहा माणसं. तू म्हणालास, “ती गाडी मायकेन चालवते.” मला वाटलं थट्टा. तर खरंच मायकेन येऊन स्टीअरिंगमागे बसली! ज्या मायकेननं गवत कापायचं यंत्र तळ्यात घातलं, ती! आणि तू मागच्या सीटवर चढलास, शोफर ठेवल्यासारखा, आणि लोकांना हात हलवत निघून गेलास. मी धक्क्यावर उभा. माझ्या शेजारी एक पोरगेलासा फोर्डवाला होता, तो मला म्हणाला, “काका, तुम्हाला नाही नेलं?”

आता तोफ. दारू मीच भरली, कागदाचा बोळाही मीच ठासला, जितका हवा तितकाच. चाकाखाली लाकडी ठोकळे लावायचं काम तुझं होतं. तू वाकलास, लावलेस, म्हणालास, “झालं.” मी बत्ती दिली. तोफ ओल्या गवतावरून मागे सुटली ती थेट तुझ्या ब्यूकच्या मडगार्डात. आणि तू सगळ्यांसमोर काय ओरडलास? “मुद्दाम केलंस! तुला मिळाली नाही म्हणून!”

मी जळतो, आल्वार. ते मी नाकारत नाही. एप्रिलपासून धड झोपलो नाही. पण मी त्या गाडीवर तोफ घालेन? मी? तिच्या सीटा मी जुन्या बनियननं पुसल्यात.

मडगार्डचं काय व्हायचं ते कळव. एरवी कळवायची गरज नाही.

सिक्स्टन


हेर्नोसांद, ७ सप्टेंबर १९८६

प्रिय दादा,

हे पत्र मी लायब्ररीतून लिहितेय. आल्वारला ठाऊक नाही. त्यानं मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतेय. तुम्ही दोघं असेच वागत राहिलात तर मला दोघांपैकी कुणाच्याच मयताला जावंसं वाटणार नाही.

त्याचे डोळे जाताहेत.

अंधार होत नाहीये. मधलं पुसलं जातंय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तोंडाकडे बघितलं की तोंड नाहीसं होतं, म्हणून तो बाजूला बघतो. तुझ्या कानाशेजारी बघत होता ना, तेव्हा तो तुलाच बघत होता, दादा. जेवढा दिसत होतास तेवढा. डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं, वाढत जाईल, उपाय नाही. त्यानं त्याच आठवड्यात कारखाना सोडला आणि वाहन परवाना स्वतःहून परत करून आला. घरी येऊन जेवला नाही.

मग मार्चमध्ये ही गाडी कानावर आली. मी म्हटलं, “तुला चालवता येणार नाही, कशाला घेतोस?” म्हणाला, “सिक्स्टनला कळवायचंय.” मी डोक्याला हात लावला. पण तुझं पहिलं पत्र आलं, ते मी त्याला वाचून दाखवलं. ‘अभिनंदन, जपून वापर’ आणि ते ओवेचं टोपी काढणं. दादा, तो इतका हसला की त्याला खोकला आला. फेब्रुवारीपासून आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं. पुन्हा वाच म्हणाला. रोज रात्री जेवण झालं की वाच म्हणायचा.

गावातले लोक फार प्रेमळ आहेत. पोस्टातली बाई त्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून देते. तो घरी येऊन दार आपटतो.

ठोकळे त्यानं चाकाच्या शेजारी ठेवले होते. मी नंतर जाऊन पाहिलं. त्याला सांगितलं नाही, पण मला वाटतं त्याला कळलंय.

आणि मी चालवते त्याबद्दल. मी पन्नासाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले, या भल्यामोठ्या जहाजावर. पहिल्यांदा रडत शिकले. आता आवडतं. गवताच्या यंत्राला ब्रेक नव्हता, हे मी तुला पूर्वीच सांगितलंय.

तुझं शेवटचं पत्रही वाचून दाखवलं. दोन वाक्यं गाळली. कुठली ते सांगणार नाही.

तुझी,
मायकेन


सिमरिसहाम्न, १६ सप्टेंबर १९८६

प्रिय आल्वार,

मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस आणि घरात कुणावर ओरडू नकोस.

मला असल्या वेळी काय लिहितात ते येत नाही. मी तीनदा लिहिलं आणि फाडलं. तेव्हा कामाचं बोलतो. मी बस चालवणारा माणूस आहे, माझा विचार सरळ असतो.

ती गाडी आता तुझ्या काय उपयोगाची? हिवाळ्यात तिला तेल लागेल, पाणी काढावं लागेल, बॅटरी घरात आणावी लागेल. मायकेननं हे सगळं करायचं का? मी घेतो ती. तू म्हणशील त्या भावानं. इकडे हवा कोरडी आहे, माझ्या गॅरेजला लाकडी तक्तपोशी आहे. मडगार्ड मी स्वतः ठोकून सरळ करेन. तू उन्हाळ्यात ये, मी तुला रोज फिरवीन. समुद्रावर नेईन. तू म्हणशील तिथे.

तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय.

सिक्स्टन


हेर्नोसांद, ५ ऑक्टोबर १९८६

सिक्स्टन,

हे मी माझ्या हातानं लिहितोय, ओळी एकमेकींवर चढल्या तर चढल्या. मायकेननं वाचू नये असं वाटतं.

नाही.

ही गाडी मी कुणालाही देईन. पोस्टातल्या बाईला देईन. त्या फोर्डवाल्या पोराला देईन, त्यानं तिच्यावर ज्वाळा रंगवल्या तरी चालेल. माझा शत्रू असता तर त्यालाही दिली असती. तुला देणार नाही.

ती परक्याकडे गेली तर मी विसरेन. तुझ्याकडे गेली तर रोज सकाळी उठल्यावर मला ठाऊक असेल, की आत्ता सिक्स्टन किल्ली फिरवतोय. आत्ता त्याच्या तळहाताला ती जागी झालेली कळतेय. आत्ता तो तिकडच्या त्या सफरचंदांच्या बागांमधून, काच खाली करून, रस्ता बघत चाललाय. रस्ता बघत! मला ते सहन होणार नाही. आणि मला शेजारी बसवून फिरवशील म्हणतोस, तर तिथेच तुझा गळा धरीन.

तू जळतोस म्हणतोस. तुला काय ठाऊक आहे जळणं? तू त्या पिवळ्या बसमध्ये चढतोस, पन्नास शाळकरी पोरं मागे किंचाळतात, पाऊस पडतो, वायपर फिरतो, आणि तू कंटाळून जांभई देतोस. त्या जांभईवर मी जळतो. ऑगस्टात तुझी ती साब धक्क्यावर शिरताना मी ऐकली. फटफटत आली. हजार किलोमीटर एकट्यानं चालवून आला होतास. मला उठून निघून जावंसं वाटलं.

तोफेचं मी बोललो ते चूक होतं. ठोकळे माझे होते. संपलं.

भल्याबिल्याचं मला काही लिहू नकोस. ते इथं पुष्कळ मिळतं.

आल्वार


सिमरिसहाम्न, १९ ऑक्टोबर १९८६

प्रिय आल्वार,

तुझं पत्र वाचलं. एक ओळ दुसरीवर चढली होती तिथे काय शिवी दिलीयस ते लागलं नाही, पण अंदाज आला.

बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिली नसती. मी तर गाडी समुद्रात ढकलली असती.

‘तुझ्याच भल्यासाठी’ हे वाक्य मी मागे घेतो. ते माझ्या भल्यासाठी होतं. आजारी मेहुण्याची बातमी वाचताना माझ्या मनात ‘अरेरे’च्या पाठोपाठ पहिला विचार गाडीचा आला. असा मी आहे. तुला माहीत होतंच.

तेव्हा ठेव तुझी ब्यूक आणि बस तिच्यात. मी इकडे जळतो, तू तिकडे जळ. पण हिवाळ्यात बॅटरी घरात आणायला विसरू नकोस, नाहीतर मी येऊन तुझं डोकं फोडीन.

आणि तू ‘हो’ म्हणालाच नव्हतास.

सिक्स्टन


हेर्नोसांद, १२ एप्रिल १९८७

प्रिय सिक्स्टन,

हे मायकेन लिहितेय, मी सांगतोय. आता मार्करही दिसत नाही. तिला ताकीद दिलीय की मी बोलेन तेच लिहायचं. (लिहितेय. — मा.)

बर्फ वितळलं, गाडी बाहेर काढली. पहिल्या किल्लीत सुरू झाली. मायकेन आता उंच किनाऱ्याच्या वळणांवरूनही नेते. गाडी चालवते का खीर ढवळते, कळत नाही. (तो मागे बसून दर वळणाला पाय दाबतो. तिथे ब्रेक नाही, नुसता गालिचा आहे, त्याला भोक पडलंय. — मा.)

मी हिवाळाभर विचार केला. ये. मे महिन्यात ये. तुला चालवायला देतो. एकदाच, बंदराच्या टोकापर्यंत. मी गाडीत बसेन. बघू मला काय होतं ते. गळा धरला तर मायकेन सोडवेल.

विचार बदलायच्या आत ये.

आल्वार

(दादा, ये. — मा.)


सिमरिसहाम्न, ३१ मे १९८७

प्रिय मायकेन,

हे पत्र लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवतोय, मुद्दाम. सोबत दुसरा कागद आहे, तो घरी नेऊन त्याला वाचून दाखव. हा मात्र वाचून झाल्यावर जाळून टाक.

तू त्या दिवशी मागे बसली होतीस, तेव्हा तुला माझं तोंड दिसलं नाही. त्याला तर दिसणं शक्यच नव्हतं. तो माझ्या शेजारी बसला होता, गुडघ्यांवर मुठी आवळून, आणि तोंड खिडकीकडे करून मला बघत होता.

मायकेन, ती गाडी रद्दी आहे.

म्हणजे यंत्र ठीक आहे, तू छान ठेवलंयस. पण चालवायला! स्टीअरिंग फिरवलं की ती आधी विचार करते, मग वळते. ब्रेक दाबला की अर्ज केल्यासारखं वाटतं. हाताला रस्ता लागतच नाही. सगळं जग गादीपलीकडे. धक्क्याच्या टोकापर्यंत जाता जाता मी घामानं भिजलो. तू ती वळणांवरून नेतेस, तुला माझा सलाम. गवताच्या यंत्राचं मी सगळं मागे घेतो.

तेहतीस वर्षं! एवढी वर्षं मी हिच्यासाठी झुरलो? टोकाला पोचून मी गाडी वळवली तेव्हा मला माझी साब आठवत होती. तिच्यात बसलं की ढुंगणाला रस्त्यावरचा खडासुद्धा कळतो.

आणि तेवढ्यात त्यानं विचारलं. तू ऐकलंस. हळूच विचारलं, “कशी आहे?”

मी शेजारी पाहिलं. त्याचा जबडा घट्ट होता, मानेची शीर उडत होती. तो जळत होता, मायकेन, तेलात भिजवलेल्या बोळ्यासारखा. फेब्रुवारीत घरी येऊन न जेवता बसलेला माणूस तो नव्हता. तो चोवीस-पंचवीसचा कुदळवाला आल्वार होता आणि मला पुरायला निघाला होता. मी जर म्हटलं असतं की काही खास नाही रे, तर त्याच्या हातातून ते सगळं सुटलं असतं. मग त्याच्यापाशी राहिलं काय? पोस्टातली बाई.

म्हणून मी जे बोललो ते बोललो. खोटं बोलायची मला सवय नाही, पण जमलं.

तूही कधी सांगू नकोस. माझ्या मयतालाही नको. खाली सही करतो, तुझा थोरला भाऊ, आणि आता वाचून दाखवायचा कागद सुरू होतो. जरा तोऱ्यात वाच. माझा आवाज काढ.

सिक्स्टन


सिमरिसहाम्न, ३१ मे १९८७

मेहुणेबुवा,

घरी आलो, पण हात अजून स्टीअरिंगवरच आहेत. काल बस चालवताना एका वळणावर मी डोळे मिटले असते, इतकी तिची आठवण आली. ओवे म्हणाला, “काय रे, प्रेमात पडलास?” मी म्हटलं, “पडलो, पण दुसऱ्याच्या बायकोच्या.”

कशी आहे विचारलंस ना? त्या वेळी नीट सांगता आलं नाही, आता सांगतो. लोण्यातून सुरी जाते तशी. बोटानं वळते. वेग वाढला की आवाज वाढत नाही, नुसता समुद्र मागे सरकतो. धक्क्याच्या टोकाला ऊन पाण्यावर पडलं होतं आणि ते सगळं त्या लांब काळ्या बॉनेटवर उतरलं होतं. ते फक्त मला दिसत होतं. मायकेन मागे होती, तू खिडकीकडे तोंड केलं होतंस. त्या बंदरात, त्या क्षणी, त्या गाडीत माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा येणार. या वेळी क्रामफोर्सपर्यंत नेणार, आणि तू शेजारी बसणार, आणि मी वाटेतलं सगळं तुला सांगत जाणार. प्रत्येक वळण, प्रत्येक झाड, रस्त्यावर आडवी आलेली प्रत्येक गाय. एकही सोडणार नाही. कारण मला दिसतं आणि तुला नाही.

तोवर जळ, मेल्या. नीट जळ.

तुझाच,
सिक्स्टन